उन्हाळ्याच्या सुट्टीत पाहण्याजोगे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवी इयत्तेपर्यंत झालेले. व्याख्यान देण्याचा सराव नाही. पोळपाटापुढे बसून शेजारणीशी जसे बोलते तसेच येथे बोलणार आहे, तरी उणेअधिक सांभाळून घ्यावे.

विषय मात्र मी माझ्या मनाने निवडला आहे. सुट्टी लागली की आपल्या प्रत्येकीच्या घरी एकच प्रश्न उभा राहतो, की मुलांना आणि माहेरी आलेल्या लेकींना न्यावयाचे कोठे? आपले लोणावळे-खंडाळे पाहावयास पुण्यामुंबईची माणसे गाड्या भरभरून येतात, आणि आपण मात्र पापड-कुरडयांच्या राशीत आणि पाहुण्यांच्या सरबराईत मे महिना घालवितो. म्हणून मी आज चित्रांची, मूर्तींची आणि जुन्या वस्तूंची जी संग्रहालये व प्रदर्शने आपल्याला सहज पाहता येतील त्यांची माहिती सांगणार आहे.

हे ऐकून काही जणी म्हणतील, "अहो, प्रदर्शने शिकल्यासवरल्या माणसांसाठी. आपल्याला त्यातले काय कळते?" हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले आहे, आणि त्यालाच उत्तर द्यावे म्हणून मी येथे उभी आहे. भगिनींनो, चैत्रात आपण गौर बसवितो तेव्हा काय करतो? पायऱ्या मांडतो, त्यावर धुतलेले वस्त्र घालतो, कोणती वस्तू पुढे, कोणती मागे, समई कोणत्या बाजूस, कलिंगडाचे कमळ कोठे शोभेल, याचा तासभर विचार करतो. चैत्रांगण काढतो. मग शेजारणींना बोलावून हळदीकुंकू, डाळ आणि पन्हे देतो, आणि आलेली प्रत्येक बाई आरास नीट न्याहाळून पाहते. यालाच शहरात प्रदर्शन म्हणतात! जिला आरास मांडता येते आणि दुसरीच्या आराशीतले उणे एका नजरेत दिसते, तिला प्रदर्शनातले काही कळत नाही, हे मी मान्य करणार नाही.

आता पहिले ठिकाण सांगते. ते आपल्या डोक्यावरच आहे. एकवीराआईच्या दर्शनाला आपण पायऱ्या चढून जातो, ओटी भरतो, नारळ फोडतो आणि खाली उतरतो. देवळाला लागून जे लेणे आहे त्यात पाऊल टाकणाऱ्या आपल्यापैकी किती? ते चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे. एकाच डोंगरात कोरलेली ती खोली सुमारे ४५ मीटर लांब आणि १४ मीटर उंच आहे. आत ३७ खांब आहेत. छताला ज्या लाकडी कमानी दिसतात त्या त्या काळच्या सागवानाच्या आहेत आणि स्तूपावरची लाकडी छत्रीही तेव्हाचीच. बाहेर वैशाखाचे ऊन फुफाट्यासारखे पेटलेले असते आणि आत गेले की माठातल्या पाण्यासारखा गारवा लागतो.

परंतु मला सर्वांत आवडली ती गोष्ट वेगळीच आहे. हे लेणे एका राजाने बांधून टाकले असे नाही. निरनिराळ्या माणसांनी वर्गणी द्यावी तसे कोणी खांब दिला, कोणी कठडा दिला, आणि ज्याचे त्याचे नाव ब्राह्मी लिपीत तेथेच कोरले. वैजयंती गावच्या भूतपाल नावाच्या शेटजीने तर हे शैलगृह साऱ्या जंबुद्वीपात उत्तम आहे, असे कोरून ठेविले आहे. दाराचे काम करणाऱ्या सामी नावाच्या सुताराचेही नाव आहे. आणि त्या देणगीदारांत बायका आहेत! महादेवणक नावाच्या गृहस्थाची आई भायिला हिचे दान तेथे नोंदलेले आहे. घुणिकाची आई असलेल्या एका भिक्षुणीचेही आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कोणा एका घरच्या आईने आपल्या पैशातून दान दिले, आणि तिचे नाव अजून आपल्या डोंगरावर आहे. आपण मात्र तिला कधी भेटलो नाही. तेव्हा या सुट्टीत देवीच्या दर्शनाबरोबर तिकीट काढून लेणेही पाहावे, आणि मुलांना सांगावे की त्या खांबांवर एका आईचे नाव कोरलेले आहे.

दुसरे ठिकाण मळवली. आज तेथे पाहावयास संग्रहालय नाही, तरी त्याची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. प्रसिद्ध चित्रकार राजा रविवर्मा यांचे नाव आपणां सर्वांना माहीत आहे. त्यांचा जन्म १८४८ साली केरळातील किळिमानूर येथे झाला. राजेमहाराजांच्या वाड्यांत त्यांची तैलचित्रे लागत. गरिबाला ती पाहावयासही मिळत नसत. चित्रे घरोघर जावीत म्हणून त्यांनी १८९४ साली मुंबईस घाटकोपरला छापखाना काढला. त्यातून पहिले चित्र निघाले ते शकुंतलेच्या जन्माचे. पुढे मुंबईत प्लेगची साथ चालली होती, त्या दिवसांत १८९९ साली तो छापखाना हलविला, आणि तो आणला कोठे? आपल्या शेजारी मळवलीस! थोड्याच वर्षांत फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला आणि पुष्कळ वर्षे चालविला. चित्रपटांचे जनक दादासाहेब फाळके यांनीही काही काळ या छापखान्याचे काम केले होते.

छापण्याची तऱ्हा मोठी मौजेची होती. गुळगुळीत सपाट दगडावर तेलकट खडूने चित्र काढावयाचे, मग दगड ओला करावयाचा. तेल आणि पाणी एकमेकांस धरत नाहीत हे आपल्याला फोडणीवरून ठाऊक आहेच. वर तेलकट शाई फिरविली की ती फक्त चित्राला चिकटते, ओल्या दगडाला चिकटत नाही. त्यावर कागद दाबला की चित्र उठते. प्रत्येक रंगाला निराळा दगड लागे. एकाच कागदाला एकामागून एक किती तरी दगडांवरून जावे लागे, आणि एक रंग केसभर सरकला तर देवीचा चेहरा बिघडे. शेवटी वरून झिलई देत, म्हणजे तैलचित्रासारखी चकाकी येई.

अशा रीतीने कमळावर उभी असलेली लक्ष्मी आणि वीणा घेतलेली सरस्वती आपल्या घरोघरी आल्या. ज्या माणसांना त्या काळी देवळाच्या गाभाऱ्यात पाऊल टाकू देत नसत त्यांच्याही भिंतीवर देव आला, ही केवढी गोष्ट! बायकांनी तर त्या चित्रांना आपले केले. लक्ष्मीच्या पातळाला जर लावावयाची, दागिन्यांच्या जागी मणी आणि टिकल्या शिवावयाच्या, आणि मग चौकट करून लावावयाचे, अशी चाल पुष्कळ घरांत होती. माझ्या सासूबाईंकडे असे एक चित्र होते. त्यांनी लक्ष्मीच्या काठाला स्वतःच्या लग्नातल्या शालूची जर लाविली होती. ते चित्र माझ्या देवघरात आहे.

या छापखान्यातल्या अनेक चित्रांच्या तळाशी बारीक अक्षरांत कार्ले-लोणावळ्याचे नाव छापलेले असे. म्हणजे हिंदुस्थानातल्या कोणकोणत्या गावी, कोणाकोणाच्या देवघरात आपल्या गावाचे नाव रोज हळदकुंकू आणि उदबत्तीचा धूर घेत होते! तो छापखाना १९७२ साली आगीत जळाला. पुष्कळ चित्रे आणि साहित्य त्यात गेले. ज्या गोष्टीने आपले गाव देशभर नेले ती आज आपल्या मुलांना आपल्याच गावात दाखविता येत नाही. याचे मला फार वाईट वाटते, आणि पुढे जे सांगणार आहे ते याच कारणाने.

आता पुण्यास जाऊ. मळवलीस लोकल धरावी, शिवाजीनगरला उतरावे आणि बसने बाजीराव रस्त्याला जावे. तेथे राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. एखादीला वर्षातून एकदाच कोठे जाता येत असेल तर तिने येथे जावे असे मी म्हणेन. डॉ. दिनकर गंगाधर केळकर हे चष्म्यांचा व्यापार करणारे गृहस्थ. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्या दुःखातून माणसे खचून जातात. केळकरांनी मात्र मुलाच्या नावाने गावोगाव फिरून जुन्या वस्तू गोळा केल्या. त्यांच्या पत्नी कमलाबाई यांची या कामात त्यांना साथ होती. वस्तूंची संख्या २०,००० च्या वर गेली. १९७५ साली हा सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. केळकर १९९० साली वारले.

आणि गोळा काय केले? तलवारी आणि मुकुट तर सगळेच जमवितात. केळकरांनी आपल्या बायकांच्या हातातल्या वस्तू जमविल्या! नाना आकारांचे अडकित्ते, कुंकवाचे करंडे, टाचा घासावयाच्या वज्री, पानाचे डबे, समया आणि लामणदिवे, शेवयांचे साचे, स्वयंपाकाची भांडी, कोरीव दारे, वाद्ये. कोथरूड येथील मस्तानीच्या महालाचे भाग आणून त्याचे दालनही तेथे उभे केले आहे.

मी गेले होते तेव्हा कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली एका काचेपुढे उभ्या होत्या. वज्री म्हणजे काय हे त्यांना उमगेना. पितळेचा मोर दिसत होता, पण त्याचे करावयाचे काय? मी त्यांना सांगितले, की न्हाणीघरात बसून याच्या खरखरीत बाजूने टाचा घासतात, म्हणजे भेगा पडत नाहीत. मग त्यांनी मला पुढच्या काचेपाशी नेले, मग त्याच्या पुढच्या. अर्धा तास त्या मला विचारीत होत्या आणि मी सांगत होते. मैत्रिणींनो, सातवी शिकलेल्या बाईला कॉलेजातल्या मुली वस्तू समजावून द्या म्हणतात, असे ठिकाण दुसरे कोणते असेल? "आपल्याला त्यातले काय कळते" म्हणणाऱ्या भगिनींनी तेथे एकदा जाऊन यावे.

चौथे ठिकाण थोडे लांब आहे. ते म्हणजे औंध. पुण्याचे औंध नव्हे हो, सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातील औंध! तेथील राजे भवानराव, म्हणजेच बाळासाहेब पंतप्रतिनिधी, स्वतः चित्रकार होते. सूर्यनमस्काराचा प्रसार त्यांनी केला आणि १९३९ साली आपल्या प्रजेला राज्यकारभार सोपविला. यमाईच्या डोंगरावर त्यांनी १९३८ साली श्री भवानी चित्रसंग्रहालय स्थापन केले. राजा रविवर्मांची हाताने रंगविलेली चित्रे तेथे पाहावयास मिळतात. छापील चित्र आणि मूळ चित्र यांत काय अंतर असते ते तेथे कळते. मूळ चित्रातल्या पातळाची घडी हाताला लागेल की काय असे वाटते. तेथेच हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराने घडविलेले आई आणि मूल यांचे दगडी शिल्प आहे. त्यात नाकडोळे शोधू नयेत. मूल कडेवर घेतल्यावर आईचे अंग कसे एका बाजूस कलते आणि मूल तिच्यातच कसे मिसळून जाते, ते पाहावे. त्याला शिक्षण लागत नाही; मूल कडेवर घेतलेले असले की पुरे. देवीचे दर्शन आणि चित्रे ही दोन्ही एका फेरीत होतात, त्यामुळे घरच्या वडील माणसांचीही ना राहत नाही.

मुंबईस नातलगांकडे जाणाऱ्या भगिनींसाठी आता थोडक्यात सांगते. पूर्वी ज्याला प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणत, त्याचे नाव १९९८ पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय असे आहे. त्याची इमारत पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी इस्पितळ म्हणून वापरली गेली आणि संग्रहालय १९२२ साली लोकांस खुले झाले. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांचे संग्रह तेथे आहेत. एवढे मोठे संग्रहालय एका दिवसात पाहून होत नाही. म्हणून वस्त्रांचे दालन आणि लहान आकाराच्या जुन्या चित्रांचे दालन ही दोन तरी पाहावी. मुलांसाठी तेथे निराळे संग्रहालयही केलेले आहे.

त्याच्या शेजारीच जहांगीर कलादालन आहे. १९५२ साली सुरू झालेले हे दालन सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ दिलेले आहे. पुण्याला चष्म्याचा व्यापारी आणि मुंबईला लक्ष्मीपुत्र, पण दोघांनी पुत्रशोकातून केले एकच: दुसऱ्यांच्या मुलांना पाहावयास काही तरी ठेविले. येथे हयात चित्रकारांची प्रदर्शने सतत बदलत असतात आणि आत जावयास पैसे पडत नाहीत. पुष्कळदा चित्रकार स्वतः तेथे बसलेला असतो. त्याला खुशाल विचारावे, "हे का काढले?" तो रागावत नाही, उलट आनंदाने सांगतो.

मुले भायखळ्याला राणीच्या बागेत न्या म्हणून हट्ट धरतातच. त्या बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ सालचे हे संग्रहालय मुंबईतले सर्वांत जुने. निरनिराळ्या लोकांचे पोशाख आणि धंदे दाखविणाऱ्या मातीच्या बाहुल्या तेथे आहेत. बाहेर एक दगडी हत्ती आहे, तो घारापुरी बेटावरून आणलेला. त्याच्यावरूनच घारापुरीला एलिफंटा हे नाव पडले. प्राण्यांबरोबर हा हत्तीही मुलांना दाखवावा.

आता जाण्याच्या काही सूचना, कारण खरी अडचण तेथेच असते. एकटीने निघू नये, चार-पाच जणींनी मिळून ठरवावे. म्हणजे घरच्यांना सांगणेही सोपे जाते. कुरडया-पापड आटोपले आणि मृग लागावयाचा आहे, एवढ्या मधल्या दिवसांत जावे. कोणत्या दिवशी बंद असते, दुरुस्ती चालू आहे काय, याची अगोदर फोनवर चौकशी करावी. पहाटेची गाडी धरावी. दशम्या, लोणचे आणि पाणी बरोबर घ्यावे, पण आत नेऊ नये. वस्तूंना हात लावू नये. आपल्या आराशीला कोणी हात लावला तर आपल्याला खपत नाही, तसेच हे.

पाहताना घाई करू नये. देवळात प्रदक्षिणा घालावी तशा पायाने सारी दालने फिरून आले की काही लक्षात राहत नाही आणि पाय मात्र दुखतात. मी मुलांना सांगते, की प्रत्येकाने एकच वस्तू आवडीची निवडावी, तिच्यापुढे उभे राहून नीट पाहावे आणि घरी आल्यावर आठवून काढावी. कोणाची समई वाकडी येते, कोणाच्या हत्तीला पाच पाय येतात, पण ती वस्तू जन्मभर लक्षात राहते.

शेवटी माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली अशी, की मंडळाने दर उन्हाळ्यात निदान एक सहल अशा ठिकाणी न्यावी, आणि पहिली सहल पुण्याच्या केळकर संग्रहालयाला असावी. भिशीच्या पैशातून महिन्याला थोडे बाजूला टाकिले तर कोणावर भार पडणार नाही. ज्या भगिनींचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी खाली बसावयाची सोय कोठे आहे हे पाहण्याचे काम मी पत्करते.

दुसरी विनंती अधिक कळकळीची आहे. घराला रंग काढला किंवा नवे घर बांधले की आपण जुनी तांब्यापितळेची भांडी मोडीत देतो, अडकित्ता भंगारात घालतो आणि देवांच्या जुन्या तसबिरी पिंपळाच्या पारावर ठेवून येतो. नवे घ्यावे, त्याला माझी ना नाही. परंतु तसबीर उचलण्यापूर्वी तिच्या तळाची बारीक अक्षरे एकदा वाचावी. तेथे आपल्या गावाचे नाव असेल तर ती पारावर ठेवू नये. मळवलीचा छापखाना जळाला, त्याला आपला इलाज नाही. पण आपल्या भिंतीवर जे उरले आहे ते तरी आपल्या हाताने घालवू नये. पुढल्या चैत्रात गौरीच्या हळदीकुंकवाला प्रत्येकीने आपल्या घरची एक जुनी वस्तू आणावी, ती कोणाची, कशासाठी वापरीत, हे एका चिठ्ठीवर लिहावे आणि मंडळाच्या खोलीत चार दिवस मांडावी. चिठ्ठीवर वस्तूच्या मालकिणीचे नाव अवश्य घालावे. दोन हजार वर्षांपूर्वी भायिलेचे नाव खांबावर घालावेसे कोणाला तरी वाटले म्हणून ती आज आपल्याला माहीत आहे. आपल्या आजेसासवांची नावे कोणत्याच खांबावर नाहीत. ती चिठ्ठीवर तरी असावीत.